कपाटाला मानवणारी हवा

"बांगड्या काढून ठेवा," टिपणीस म्हणाले. "अंगठीसुद्धा. आणि ते घड्याळ."

मी अजून उंबरठ्याबाहेरच होते. माझ्यामागे अण्णा, त्यांच्यामागे बेबीआत्या. दोघं रेवदंड्याहून पहाटेची एसटी पकडून मला दाखवायला पुण्यात आली होती. मी तेव्हा पुण्यात जपानी भाषा शिकवायची आणि हॉस्टेलवर राहायची. स्थळ प्रभात रोडचं होतं, आपल्या सीकेपींतलंच, मुलगा इंजिनिअर, टिपणीस त्याचे वडील. आत्याने वाटेत मला साडीचा पदर कसा घ्यायचा ते चार वेळा सांगितलं होतं. दारातच बांगड्या उतरवायला लागतील हे तिच्याही ध्यानीमनी नव्हतं.

"अहो, काय बोलताय!" ती म्हणाली. "पोरीच्या हातातल्या बांगड्या दारात उतरवायच्या? असं अभद्र कुणी सांगतं का?"

"ओरखडा पडतो," टिपणीस म्हणाले.

"कशावर?"

"कशावरही."

त्यांच्या हातात एक ताटली होती. मी त्यात बांगड्या ठेवल्या. आत्याने स्वतःच्या पाटल्यांवर हात घट्ट धरला आणि तशीच आत शिरली. तिला अडवायचं धाडस त्यांना झालं नाही.

आत अंधार होता. बाहेर मार्चमधलं रणरणतं ऊन आणि आत जाड पडदे ओढलेले, त्यावर वाळ्याच्या ओल्या ताट्या सोडलेल्या. डोळे सरावल्यावर एकेक वस्तू दिसू लागली. काळीभोर कपाटं, पेट्या, बुटकी मेजं. सगळ्यांवर एक खोल चकाकी आणि त्या चकाकीत सोन्याचे बगळे, पाईनच्या फांद्या, लाटा. हे सगळं जपानी लाखेचं काम होतं. तिकडे एका झाडाचा चीक काढून त्याचे थरावर थर देतात आणि ओल्या थरावर सोन्याची पूड भुरभुरवतात. मी हे पुस्तकात वाचलं होतं, विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं. प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, त्या समोरच्या दोन दारांच्या कपाटावरचे बगळे पाहून मी बांगड्यांचं विसरले.

प्रत्येक वस्तूखाली पाण्याने भरलेलं घमेलं होतं. भिंतीवर, जिथे लोक देवाचा फोटो लावतात तिथे, पितळी हायग्रोमीटर टांगलेला होता. हवेत ओल किती ते दाखवणारं यंत्र. टिपणीस दर थोड्या वेळाने त्याच्याकडे बघत आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत.

"घमेल्यांत काय हलतंय?" अण्णांनी विचारलं.

"गप्पी मासे. पाणी साठवलं की डास होतात. दोन वर्षं सगळ्यांना हिवताप झाला. मग हे सोडले."

"बसायचं कुठे?" आत्या म्हणाली.

"सतरंजीवर."

हॉलमध्ये एवढं फर्निचर, पण सगळे खाली बसले. तिथे आधीच एक गृहस्थ मांडी घालून बसले होते. टिपणीसांनी ओळख करून दिली. हे रंगनेकर. पुण्यात जपानी लाखकाम जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्याचे टिपणीस अध्यक्ष आणि रंगनेकर कार्यवाह. तिसरे एक सभासद होते, पण त्यांच्या पेटीला कुणीतरी भर सभेत 'वार्निश' म्हणाल्यामुळे त्यांनी राजीनामा दिला होता. अध्यक्ष आणि कार्यवाह महिन्यातून एकदा भेटत. एकमेकांच्या वस्तूंची तोंड भरून स्तुती करत आणि दुसऱ्याचं सगळं नकली आहे असं मनाशी धरून घरी जात. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं, की रंगनेकर बगळ्यांच्या कपाटाकडे बघायचं टाळत होते.

टिपणीसांचा पूर्वी स्प्रिंगा बनवायचा कारखाना होता. यंत्रं आणायला जपानला गेले, तिथे एका दुकानाच्या काचेत लाखेची पेटी बघितली आणि परत आले ते वेगळेच होऊन आले. कारखाना पुढे विकला. बगळ्यांचं कपाट मुंबईतल्या एका जुन्या पारशी बंगल्याच्या लिलावात मिळालं होतं.

"आत काय ठेवता?" अण्णांनी विचारलं.

"आत?"

"कपाटात."

"काही नाही. ते कपाट आहे, कर्णिक. त्यात काय ठेवणार?"

अण्णांनी यावर विचार केला आणि मान हलवली. ते पोस्टात नोकरी करून निवृत्त झाले होते. साहेबलोकांचं सगळं समजलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट नव्हता.

एवढ्यात बेबीआत्या हातपाय धुऊन आली. तिने ओला नॅपकिन झटकला आणि कोपऱ्यातल्या लाकडी घोडीवर वाळत टाकला. टिपणीसांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी फक्त मांजरीच्या शेपटीवर पाय पडल्यावर ऐकला होता.

"काय झालं?" आत्या दचकली. "घोडी नाहीये का ही?"

"ती किमोनो टाकायची घोडी आहे!"

"म्हणजे कपडे टाकायचीच ना?"

"दोनशे वर्षांपूर्वी!"

"मग इतकी वर्षं सवय असेल तिला," आत्या म्हणाली, पण नॅपकिन उचलला. रंगनेकरांना खोकला आला. तो खोकला नव्हता असं मला वाटतं.

मग विचारपूस सुरू झाली. माझं शिक्षण, माझी नोकरी, यावर फारसं कुणी रेंगाळलं नाही. टिपणीस अण्णांकडे सरकून बसले.

"तुमचं घर समुद्रापासून किती लांब?"

"जवळच. पण भरतीचं पाणी येत नाही," अण्णा घाईघाईने म्हणाले.

"स्वतःचं?"

"स्वतःचं. माझ्यानंतर रेवतीचंच."

"हवा कशी?"

"उत्तम!"

"ओल?"

अण्णांनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. मुलीच्या बापाला ओलीविषयी विचारतात तेव्हा काय उत्तर द्यायचं हे कुठल्याही कोकणातल्या बापाला माहीत असतं. "छे छे," ते म्हणाले. "एकदम कोरडं घर. ठणठणीत. भिंतीला बोट लावून बघा."

टिपणीसांचा चेहरा पडला. "पावसाळ्यातसुद्धा?"

"पावसाळ्यातसुद्धा."

"अरेरे," टिपणीस म्हणाले, आणि हायग्रोमीटरकडे पाहून त्यांनी सुस्कारा टाकला. रंगनेकर म्हणाले, "मी तुम्हाला आधीच म्हटलं होतं, चौलकडची स्थळं बघा."

आत्याच्या ध्यानात काय आलं देव जाणे. बहुधा काहीच नाही. तिला खोटं सोसत नसे, एवढंच. "काहीतरीच काय सांगतोस रे अण्णा," ती म्हणाली. "कोरडं कसलं! पापड घडीभर कुरकुरीत राहत नाहीत. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. काड्यापेटी ओढली तर काडीचं गूल काडीवर राहत नाही. गेल्या श्रावणात तुझ्या चामड्याच्या चपलेवर बुरशी धरली ती कुणी खरवडली? मी!"

अण्णा जमिनीत गाडले गेले. मला वाटलं, संपलं. आणि टिपणीसांनी पुढे वाकून आत्याला नमस्कार केला.

"बुरशी," ते म्हणाले. "पांढरी की हिरवी?"

"हिरवी."

"वा!" टिपणीस म्हणाले.

हॉलमध्ये खायला मनाई होती, म्हणून आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. टिपणीसांच्या पत्नी, कुमुदकाकू, ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी केलेले कानवले तोंडात विरघळत होते. मी तसं म्हटल्यावर त्या हळूच हसल्या. त्या घरात सगळंच हळू चालायचं. दार आपटायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. हादरे बसतात.

"तळणीचं एवढंच करता येतं, तेही खिडकी उघडून," त्या म्हणाल्या. "मासे नाहीत."

"खात नाही तुम्ही?"

"खात नाही कसं? टिपणीस आहोत आपण! खायचे असले की रिक्षा करून बहिणीकडे जाते. तळते, खाते, आंघोळ करते आणि येते."

"आंघोळ कशाला?"

"केसांत वास राहतो ना. केसांतून हॉलमध्ये जातो. हॉलमधून लाखेत." त्यांनी हे इतकं सरळ सांगितलं, की मला हसावं की नाही कळेना. "सुरुवातीला हसायचे मी," त्या म्हणाल्या.

मुलाशी, निरंजनशी, बोलायला मला गच्चीवर पाठवलं. तो कठड्यावर बसला, पाठ टेकली, आणि हॉलमध्ये सबंध वेळ आखडून धरलेले खांदे त्याने सोडले. तसा तो देखणा होता. आवाज मऊ, डोळे प्रामाणिक.

"तुमच्याकडे सोफा आहे?" त्याने विचारलं.

"नाही. ओटीवर झोपाळा आहे."

"झोपाळा," तो म्हणाला. उपाशी माणसाने 'पुरणपोळी' म्हणावं तसा. "कुणी बसतं त्यावर?"

"कुणीही."

मला तो आवडला. आजही सांगते, आवडला होता. खाली उतरताना मी मनातल्या मनात पडदे उघडून पण टाकले होते.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला, मुलगी पसंत आहे. देणंघेणं काही नको. उलट रेवदंड्याच्या घराची डागडुजी मुलाकडून करून देण्यात येईल. अण्णांना भरून आलं. अख्ख्या आळीत त्यांनी सांगितलं, की अजून अशी माणसं जगात आहेत. दोन आठवड्यांनी टिपणीस स्वतः घर बघायला रेवदंड्याला गेले. सोबत तो हायग्रोमीटर. अण्णांनी मला फोनवर सगळं सांगितलं. व्याह्यांनी आंघोळीचं पाणीही नको म्हटलं, चहा घेतला नाही, खोल्याखोल्यांतून हिंडले. मागच्या खोलीत, जिथली भिंत बारमाही पोपडे धरते, तिथे जाऊन हात फिरवत उभे राहिले.

"डोळे मिटले होते गं त्यांचे," अण्णा म्हणाले. "तुझी आई त्या खोलीत असायची, ते मी त्यांना सांगितलं होतं. किती हळवा माणूस!"

साखरपुड्याची तारीख ठरवायला अण्णा एप्रिलमध्ये पुन्हा पुण्यात आले. नेमका त्याच दिवशी टिपणीसांकडे एक जपानी पाहुणा यायचा होता. कुरोदा नावाचे, तिकडच्या एका संग्रहालयातून निवृत्त झालेले म्हातारे. पुण्यात व्याख्यानाला आले होते आणि रंगनेकरांनी खटपट करून त्यांना मंडळासाठी दुपारपुरतं मागून घेतलं होतं. दुभाषी म्हणून मी.

"घरचीच दुभाषी," टिपणीस रंगनेकरांना म्हणाले. "तुम्हाला अशी सून मिळायची नाही."

"मला मुलगा नाही," रंगनेकर म्हणाले.

"तेच म्हणतोय."

सगळे पांढरे सुती हातमोजे घालून तयार होते. अण्णांनाही एक जोड दिली होती. ते सतरंजीच्या टोकाला हात वर धरून बसले होते, शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरसारखे. कुरोदासान, आपल्याकडे म्हणायचं तर कुरोदासाहेब, आले. लहानसर चणीचे, सर्दी झालेले. ते सतरंजीवर छान ऐसपैस बसले. रंगनेकरांनी आधी आपलं मेज पुढे केलं. ते त्यांनी शालीत गुंडाळून आणलं होतं. कुरोदासाननी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, आपण हे फार जपलं आहे. मी तसं सांगितलं.

"आणखी?" रंगनेकर म्हणाले.

मी विचारलं. कुरोदासान म्हणाले, शालही सुंदर आहे.

टिपणीसांच्या चेहऱ्यावर अत्यंत सुसंस्कृत असं दुःख पसरलं. त्यांनी रंगनेकरांच्या खांद्यावर हात ठेवला. रंगनेकरांनी तो खांदा काढून घेतला.

मग कुरोदासान बगळ्यांच्या कपाटासमोर गेले. हातमोजे त्यांना दिले होते, ते त्यांनी बाजूला ठेवले. तळहात पँटला पुसला आणि उघड्या हाताने सरळ दार उघडलं. टिपणीसांचा श्वास अडकला. म्हातारबाबांनी आतले छोटे छोटे खण ओढून बघितले, बिजागऱ्या बघितल्या, दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी कपाटाला वाकून नमस्कार केला.

"अस्सल आहे," मी त्यांचं बोलणं मराठीत आणलं. "तीनशे वर्षांपूर्वीचं, परदेशी जहाजांवरून पाठवायला केलेलं. या प्रतीचं काम आता जपानमध्येही फार थोडं उरलंय. आपल्या आयुष्यात हे बघायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं."

 टिपणीस मागे सरकले आणि जे हाताला लागलं त्याच्यावर बसले.

"टिपणीस," रंगनेकर थंडपणे म्हणाले, "तुम्ही पेटीवर बसलात."

टिपणीस इंगळी डसल्यासारखे उठले. कुमुदकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं. जन्मठेप कायम झाल्याचं ऐकणारा माणूस असाच दिसत असावा.

कुरोदासान अजून बोलत होते. दाराच्या सांध्याला चीर पडली होती, खालच्या कोपऱ्यात थर सुटू लागला होता. इथली हवा फार कोरडी आहे, ते म्हणाले. घमेल्यांनी भागणार नाही. अजून काही उन्हाळे असेच गेले तर लाकूड आकसेल आणि सोनं खपल्यांनी गळून पडेल. खंत त्यांच्या आवाजात स्पष्ट होती.

"त्यांना सांग, रेवती," टिपणीस म्हणाले. आता ते सावरले होते, उलट त्यांना स्फुरण चढलं होतं. "सांग की मी सोय केलेली आहे. समुद्रकाठी एक घर बघितलंय. वर्षभर ओल. मी स्वतः मोजून आलो आहे. पुढच्या पावसाळ्याआधी सगळा संग्रह तिथे जाईल."

मी बोलू लागले. आपल्यासारखंच जपानीतही क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे वाक्य कुठे चाललंय हे पोचेपर्यंत बोलणाऱ्यालाही पुरतं दिसत नाही.

"तिथल्या देखभालीचीही व्यवस्था आहे म्हणावं. मुलगा तिकडच्या कारखान्यात बदली करून घेईल. सून नोकरी सोडून घरीच राहील. कपाटं दिवसातून दोनदा मऊ फडक्याने पुसायला जबाबदार माणूस हवं, आणि तिला जपानीही येतं. जपानमधून पत्रं आली तर उत्तरंही देईल. घर सुनेच्या वडिलांचंच आहे, त्यामुळे भाड्याची कटकट नाही. या दृष्टीनेच आम्ही हे स्थळ बघितलं."

मी शब्दाशब्दाने सांगत गेले. 'सून नोकरी सोडून' इथवर मी दुसऱ्या कुणाबद्दल तरी सांगत होते. 'सुनेच्या वडिलांचं घर' असं म्हणताना माझी जीभ अडखळली. वाक्य मात्र मी पुरं केलं. अर्धवट वाक्य सोडायची सवय नव्हती.

कुरोदासाननी माझ्याकडे पाहिलं. मग अण्णांकडे, त्यांच्या त्या वर धरलेल्या पांढऱ्या हातांकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"ती सून आपण का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आमच्याकडे असं कपाट मुलीबरोबर सासरी पाठवत," ते हळूच म्हणाले. "मुलीला कपाटाबरोबर पाठवल्याचं मी ऐकलं नाही."

"काय म्हणाले?" टिपणीसांनी विचारलं. "खूश दिसतायत."

मी जसंच्या तसं सांगितलं.  घमेल्यात एक गप्पी मासा उसळला, तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"म्हणजे काय?" अण्णा म्हणाले. "रेवती, म्हणजे काय?"

"म्हणजे ओल बघत होते अण्णा ते. आईची खोली नव्हे."

अण्णांनी हातमोजे काढायला सुरुवात केली. एकेक बोट ओढून, सावकाश.

मी निरंजनकडे वळले. तो कपाटाच्या बाजूला उभा होता. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"बाबांनी बराच विचार केलाय यावर," तो म्हणाला.

"त्यांचं नाही विचारत मी. तुम्हाला काय हवंय?"

त्याने वडिलांकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. त्याला खरंच उत्तर द्यायचं होतं, ते दिसत होतं. शोधत होता बिचारा. शेवटी तो म्हणाला, "मला रेवदंडा आवडेल. झोपाळा आहे ना तिथे."

रडू यायला हवं होतं. मला हसू आलं, आणि ते आवरेना. त्या घरात इतक्या मोठ्याने कुणी किती वर्षांत हसलं नसेल. टिपणीस कपाटाचं दार दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"हे लग्न मला करायचं नाही," मी म्हणाले.

"हादरे," टिपणीस म्हणाले. "हळू."

"हळू सांगते. करायचं नाही."

कुमुदकाकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, त्या रडतायत. नंतर त्यांनीच सांगितलं, की त्यांनाही माझ्याबरोबर हसू फुटलं होतं.

टिपणीस खाली बसले, या वेळी सतरंजीवर. एकाएकी फार म्हातारे दिसू लागले. "म्हणजे हे इथेच राहणार," ते कपाटाकडे बघत म्हणाले. "इथे तडकणार."

तेव्हा अण्णा बोलले. माझे अण्णा, ज्यांना आयुष्यात कुणाचं वाईट बघवलं नाही. "टिपणीससाहेब, मुलगी देत नाही मी. पण खोली रिकामीच आहे. कपाट ठेवायचं असेल तर ठेवा. चांगल्या वस्तूची माती व्हायला नको."

"खरंच?" टिपणीस म्हणाले. त्यांनी अण्णांचे दोन्ही हात धरले, उघडे, मोज्याशिवाय. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मुलाचं लग्न आत्ता, याच सतरंजीवर मोडलं होतं. त्याचं दुःख मी त्या चेहऱ्यावर पुष्कळ शोधलं.

"आणि तिथे पुसणार कोण?" कुमुदकाकूंनी दारातून विचारलं.

टिपणीसांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग निरंजनकडे.

"तुम्हीच जा," त्या म्हणाल्या.

हे त्या रागाने म्हणाल्या. नवऱ्याने चिडावं, तुला काही समजतं का म्हणावं, मी तिकडे आणि तू इकडे असं कसं चालेल म्हणावं. पन्नाशी ओलांडलेली कुठलीही बायको असं वाक्य टाकते ते या उत्तरासाठी. टिपणीसांनी मान तिरकी करून क्षणभर विचार केला.

"हं," ते म्हणाले. "तेच बरं पडेल."

मी कुरोदासानना हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी नाक पुसलं आणि रंगनेकरांच्या शालीची घडी घालायला मदत केली.

जूनच्या आधी कपाटं रेवदंड्याला पोचली, मागोमाग टिपणीस. मागच्या खोलीत त्यांनी वस्तू लावल्या आणि स्वतः ओटीवर अण्णांशेजारी पथारी टाकली. अण्णांना सोबत झाली. दोन म्हातारे संध्याकाळी झोपाळ्यावर बसत आणि ओलीविषयी बोलत. बेबीआत्याचं आणि टिपणीसांचं शेवटपर्यंत जमलं नाही, पण तिच्या हातचं ते मुकाट्याने जेवत, माशांसकट. वर्षभरात रंगनेकर चौलमध्ये सर्वांत दमट घर शोधत हिंडताहेत अशी बातमी आली.

इकडे प्रभात रोडला कुमुदकाकूंनी पडदे काढून टाकले. मी त्यांच्याकडे जायची. स्थळ मोडलं तरी त्यांच्याशी सूत जुळलं ते जुळलंच. माझं लग्न पुढे झालं, त्याची गोष्ट वेगळी आहे आणि त्यात फर्निचर नाही. निरंजननेही पुढे एका डॉक्टर मुलीशी लग्न केलं. मुलगी कुणी बघितली, असं मी विचारलं तेव्हा तो लाजून म्हणाला, तिनेच मला बघितलं.

कुमुदकाकू मात्र रेवदंड्याला गेल्या नव्हत्या. तीन-चार वर्षांनी एका पावसाळ्यात निरंजन त्यांना घेऊन आला. मीही तेव्हा माहेरी होते. टिपणीसांनी त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. कपाट झळाळत होतं. सांध्याची चीर मिटत आली होती. बगळे आत्ता उडतील असे दिसत होते.

"बघ," टिपणीस म्हणाले.

"सुंदर आहे," काकू म्हणाल्या. मला वाटतं, त्यांनी ते पहिल्यांदाच नीट पाहिलं.

जेवणं झाली. निघायची वेळ झाली तसे टिपणीस घुटमळू लागले. पिशवी उचलून दिली, पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाले, "राहा की आजच्या दिवस."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. असं काही त्यांना कुणी बऱ्याच वर्षांत म्हटलं नव्हतं. चेहरा मुलीसारखा झाला. त्या पायरीवर टेकल्या. "झोपू कुठे?" त्यांनी विचारलं. "तुम्ही दोघं ओटीवर. ती मागची खोली मोठी आहे."

"तिथे नको," टिपणीस म्हणाले. "माणसाच्या श्वासाने हायग्रोमीटरचा काटा हलतो."

काकू उठल्या. पिशवी त्यांनी स्वतःच उचलली. रागावल्या नाहीत, हसून म्हणाल्या, "निरंजन, गाडी काढ रे. घाट अंधाराआधी चढायला हवा."

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत टिपणीस फाटकाशी उभे होते. पाऊस भुरभुरत होता. मी त्यांच्या बाजूला छत्री धरून उभी.

"रेवती," ते एकदम म्हणाले. "एक सांगू? तू तेव्हा नाही म्हणालीस ते फार बरं झालं."

मी छत्री त्यांच्यावर आणखी सरकवली. इतक्या वर्षांनी का होईना, या माणसाला काहीतरी उमगलं होतं.

"का हो काका?" मी विचारलं.

"तुम्ही दोघं इथे राहिला असतात," ते म्हणाले, "तर मुलं झाली असती."

"बरं मग?"

"मुलं काय," टिपणीस म्हणाले, आणि नुसत्या कल्पनेने त्यांचा चेहरा कसानुसा झाला. "हात लावतातच."